वॉशिंग मशीनखालच्या कोयत्याची कबुली

मित्रांनो, माणसाने रानात पहिलं पाऊल टाकलं तेव्हा त्याच्या हातात मी होतो. मी नसतो तर शेत नसतं, शेत नसतं तर गाव नसतं, आणि गाव नसतं तर राजे, किल्ले, इतिहासाचं पुस्तक आणि त्यातल्या सनावळ्या यांपैकी काहीच तुमच्या वाट्याला आलं नसतं. सगळी संस्कृती माझ्या धारेवर उभी आहे.

सध्या माझ्या अंगावर एक वॉशिंग मशीन उभं आहे.

मी एक जुना कोयता आहे. जयपूरच्या शास्त्री नगरात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका भाड्याच्या घरात, मोरीतल्या वॉशिंग मशीनच्या मागच्या डाव्या पायाखाली माझा मुक्काम असतो. त्या कोपऱ्यात फरशीला उतार आहे. मी नसलो तर मशीन कपडे पिळता पिळता चालू लागतं आणि थेट दारापर्यंत जातं. म्हणजे जबाबदारी मोठी आहे, फक्त तिच्यात मान नाही. मशीन पिळायला लागलं की माझी मूठ थरथरते आणि मूठ थरथरली की जुन्या गोष्टी वर येतात. त्यांतल्या दोन मला तुम्हाला सांगून टाकायच्या आहेत. दोन्हींत चूक माझी आहे. मशीन त्यात निर्दोष आहे.

माझा जन्म रायगड जिल्ह्यातल्या डोंगरपट्टीत, एका लोहाराच्या भात्यापुढे झाला. त्याआधी मी एका मालट्रकचा कमानपाटा होतो. ट्रक घाटात उलटला आणि मी सुटलो. लोहाराने मला लाल होईपर्यंत तापवलं, बडवलं, वाकवलं आणि पाण्यात बुडवलं. शिक्षणाची ही पद्धत त्या काळी शाळांतही चालत असे. मग मला शिवणीच्या लाकडाची मूठ बसवली आणि उंबरटेप नावाच्या वाडीतले कोंडिबा मला न्यायला आले. कोंडिबा तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांनी माझी धार अंगठ्यावर तपासली, अंगठा कापला, आणि ते खूश झाले.

तेव्हापासून चाळीसहून अधिक वर्षं मी त्यांच्या कमरेच्या आकडीला लटकलो.

आमची शेती डोंगरउतारावरची. तिला तिकडे दळी म्हणतात. रानाचा एक तुकडा निवडायचा, उन्हाळ्यात त्यातल्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, जाळायच्या, आणि पाऊस पडला की त्या राखेत नाचणी-वरी पेरायची. तीन वर्षं पीक घ्यायचं आणि मग पुढच्या तुकड्यावर जायचं. मागे सोडलेल्या जागी दहा-बारा वर्षं रान पुन्हा वाढत राहायचं. तोडायच्या त्या फांद्या, झाड नव्हे. बुंधे उभेच ठेवायचे, कारण त्यांच्या बुडाशी कोनफळ लावायचं असे.

कोनफळ म्हणजे वेलीखाली जमिनीत पोसणारा कंद. बाहेरून मातीचं ढेकूळ, आतून जांभळा. वेलीला चढायला जेवढा उंच आधार, तेवढी तिला पानं जास्त, आणि जेवढी पानं जास्त तेवढा कंद मोठा. आधार मिळाला नाही तर वेल जमिनीवर लोळते आणि खाली बटाट्याएवढं काहीतरी सापडतं, ज्याच्याकडे पाहून घरातलं कुणी बोलत नाही.

कंद खणून काढला की जिथून वेल सुटते ते वरचं टोक कापून बाजूला ठेवायचं. त्याला डोकं म्हणतात. डोकं खायचं नसतं. ते दिसायलाही ओबडधोबड, लाकडासारखं, केसाळ असतं. त्याला राख चोळून पावसाळ्यापर्यंत जपायचं आणि पुन्हा लावायचं. आमच्या घरातलं कोनफळ कोंडिबांच्या बायकोने, विजयमालेने, लग्नात माहेराहून आणलं होतं. म्हणजे त्याचं डोकं आणलं होतं, फडक्यात बांधून. दरवर्षी ते डोकं धडापासून वेगळं करण्याचं काम माझं. एका घावात. विजयमाला बघत उभी राहायची आणि म्हणायची, "हात चांगलाय तुमचा." ती कोंडिबांना म्हणायची. मी ते स्वतःकडे घेत असे.

ती गेली त्याला अकरा वर्षं झाली. तिचं कोनफळ मात्र त्यानंतरही दरवर्षी येत राहिलं.

आता पहिली गोष्ट.

रान कमी होतंय हे मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. माणसं डोळ्यांनी बघतात, मी जाडीवरून बघतो. पहिल्या वर्षांत मांडीएवढ्या फांद्या यायच्या. पुढे मनगटाएवढ्या येऊ लागल्या. मग अंगठ्याएवढ्या. बारा वर्षांनी जायचं त्या तुकड्यावर आम्ही आठ वर्षांनी जाऊ लागलो, मग पाचांनी, मग तिसऱ्याच वर्षी. कारण बाकीच्या डोंगराला कुणाकुणाची कुंपणं पडत होती, फार्महाऊस येत होती, कुठे रस्ता येत होता, आणि उरलेल्या रानात जायला बंदी होती. तेव्हा सगळा दोष माझा नाही. पण आत्मवृत्त माझं आहे, कुंपणाचं नाही.

आणि शेवटी मी बुंधेही तोडले. मला ते करायला लावलं, हे खरं आहे. पण त्या दिवशी एक जुना ऐन खाली आला तेव्हा मला वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, मला फार बरं वाटलं. कित्येक महिने मी नुसती कारवी छाटत होतो. इतक्या दिवसांनी माझ्याजोगतं काम मिळालं होतं. सगळी वाडी बघायला आली होती. मी चमकत होतो.

दुसऱ्या वर्षी कोनफळाच्या वेली उगवल्या, इकडेतिकडे चाचपडल्या, आणि चढायला काही नाही म्हणून एकमेकींवरच चढल्या.

कोंडिबा डोक्याला हात लावून बसणाऱ्यातले नव्हते. त्यांनी हळूहळू सगळी शेतीच बदलली. डोंगर सोडून घरामागचा एकच तुकडा धरला आणि तो दरवर्षी पालापाचोळा आणि शेळ्यांच्या लेंड्यांनी भरून काढला. गोणीत माती भरून तीत कोनफळ लावलं. आधी एका खड्ड्यात अख्खं डोकं लावत, ते आता त्याचे तुकडे करून लावू लागले. मग त्यांच्या लक्षात आलं की डोकंच लागतं असं नाही. साल असलेला कुठलाही जाडसा तुकडा उगवतो, फक्त उशिरा उगवतो आणि रुसून उगवतो. वेलींसाठी बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या रोवल्या, त्यांची झाडं झाली, त्यांच्या काठ्या झाल्या. काही वेली त्यांनी तुरीवर सोडल्या. एक विजेच्या खांबावर सोडली.

वायरमन आला आणि म्हणाला, "कोंडिबा, वेल खाली घ्या. कायद्यात बसत नाय."

"मी नाय चढवली. तिची ती चढली."

"मंग तिला सांगा."

"तुझा खांब हाय. तूच सांग."

वेल दिवाळीपर्यंत खांबावर राहिली.

याच दिवसांत वाडीत एक रीत पडली. ज्याच्या बांधावर झाडं असतील त्याच्याकडून काठ्या मागून आणायच्या. काठी काही परत देता येत नाही, ती पावसात कुजते. म्हणून कंद निघाला की काठीवाल्याला कोनफळाच्या डोक्यातला वाटा द्यायचा. खाण्याचा भाग नाही, बियाण्याचा. त्यामुळे एकाचं रानडुकरांनी खाल्लं तरी दुसऱ्याकडे तीच जात शिल्लक राही. ही रीत कोंडिबांनी कधी मोडली नाही. नेमक्या एका वर्षी त्यांना कुणाकडून काठ्या मागाव्या लागल्या नाहीत, गिरिपुष्प पुरलं. आधी दिलेलं बियाणं वाडीत ज्यांच्याकडे होतं त्यांच्यातले काही वारले, काही पनवेलला राहायला गेले. आणि त्याच वर्षी डुकरं आमच्याकडे आली. सकाळी गोण्या फाटलेल्या होत्या. विजयमालेच्या कोनफळातला एकच कंद राहिला, तोही डुकराला खोकला आला म्हणून असावा.

त्या उन्हाळ्यात कोंडिबांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचं ठरलं. मुलगा पृथ्वीराज बँकेत आहे, त्याची बदली जयपूरला झाली होती. तो म्हणाला, "बाबा, इकडेच या आता." कोंडिबा आले. ट्रंकेत दोन धोतरं, तांदळाच्या पिशवीत तो कंद, आणि धोतरांत गुंडाळलेला मी.

जयपूरला ऊन असं की पहिल्या दिवशी मला पुन्हा लोहाराकडे आल्यासारखं वाटलं. कोंडिबांनी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक गोणी भरली आणि जूनमध्ये तीत कंद लावला. सून शर्वरी सोलापूर शहरात वाढलेली. तिने विचारलं, "बाबा, हे नक्की काय येणार आहे?" कोंडिबा म्हणाले, "आलं की बग." ते कमी बोलतात. पुढे जे झालं ते बरंचसं यामुळेच झालं.

आता काठ्या हव्या होत्या. पृथ्वीराजने रविवारी वडिलांना बसने आमेरला नेलं. पिशवीत मी होतोच. बस डोंगराच्या पायथ्याने जाऊ लागली आणि कोंडिबा खिडकीला नाक लावून बसले.

"एवढं रान. आणि कुणी तोडत नाय?"

"बाबा, ते राखीव आहे. बिबटे आहेत तिथे."

"मंग त्यांनाच इचारू."

बिबट्यांपर्यंत जावं लागलं नाही. आमेरच्या पलीकडे मुरलीधर नावाच्या शेतकऱ्याचं भाजीचं शेत होतं आणि त्याच्या कडेने विलायती बाभळीचं काटेरी रान माजलं होतं. मुरलीधर पाणी सोडत उभा होता. कोंडिबांनी हिंदीला हात घातला.

"लकडी मंगता. लंबा. वेल चढाने का है."

"काट लो, बाबासा. जितनी चाहिए। ये तो बला है, हर साल दुगुनी होती है।"

"फुकट नाय लेगा. जनवरी में तुमको डोका देगा. मतलब, सिर."

मुरलीधरने आधी कोंडिबांकडे पाहिलं, मग पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्याकडे.

"रहने दो, बाबासा। ऐसे ही ले जाओ।"

पृथ्वीराजने सगळं नीट समजावून सांगितलं तेव्हा मुरलीधर इतका हसला की पाणी दुसऱ्याच वाफ्यात गेलं. मी चार बाभळी तोडल्या. काटे वाईट, लाकूड चिवट. कुणाचंही नुकसान न करता काहीतरी तोडण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती. मला ते थोडं अळणी लागलं, हेही कबूल करतो.

वेल चढली. सप्टेंबरात ती टाकीवर पोचली, ऑक्टोबरात तिने शेजारच्या डिश अँटेनाकडे हात टाकला. नात भार्गवी दहा वर्षांची. ती रोज वेल मोजायची. "आजोबा, आज ती किती इंच वाढली, बताओ." कोंडिबा म्हणायचे, "तीच सांगंल." जानेवारीत पानं पिवळी पडून गळाली. भोगीच्या आदल्या संध्याकाळी कोंडिबांनी गोणी उसवली. आतून कंद निघाला तो चांगल्या घागरीएवढा. त्यांनी तो ओल्या फडक्याने पुसला आणि स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला. त्याचं डोकं उद्या कापायचं, अर्धं मुरलीधरला द्यायचं, अर्धं पुन्हा गोणीत लावायचं, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. मनातच होतं.

मित्रांनो, ही दुसरी गोष्ट.

भोगीच्या सकाळी कोंडिबा बसने आमेरला गेले, मुरलीधरला बोलवायला. पृथ्वीराज बँकेत गेला. शर्वरीकडे मराठी मंडळातल्या सहा बायका जेवायला यायच्या होत्या आणि भोगीची भाजी करायची होती. वांगी, गाजर, हरभरा, वाल, बोरं सगळं होतं. तिने ओट्यावरच्या कंदाकडे पाहिलं.

"बाबांनी खास भोगीसाठीच काढलेला दिसतोय," ती म्हणाली. "आल्यावर थकलेले असतील. आपणच चिरून ठेवू."

तिने प्रेमानेच ठरवलं हे. सुरी त्यात शिरेना. मग ती बाल्कनीत आली आणि तिने मला उचललं.

सहा महिने मी त्या बाल्कनीत जुन्या वर्तमानपत्रांखाली पडून होतो. त्या सहा महिन्यांत मला कुणी हात लावला नव्हता. तिने मला धुतलं, पुसलं. मी ओट्यावर आलो, उजेडात आलो. पहिला घाव धडावर बसला, कंद उघडला आणि आतला जांभळा रंग बघून भार्गवी ओरडलीच.

"मम्मी, पर्पल आहे! मतलब, आतून रंगवलंय?"

"आतून कोण रंगवणार? हात धू आधी."

"मला एक मोठा तुकडा दे ना. क्राफ्टसाठी."

"खायच्या गोष्टीशी खेळायचं नाही."

"क्राफ्ट म्हणजे खेळ नाही. त्याला मार्क्स असतात."

"मग घे," शर्वरी म्हणाली. मार्कांपुढे त्या घरात कुणाचं चालत नाही.

मग तिने मला वरच्या टोकावर धरलं. "हे बघ कसलं लाकडासारखं. शी, केस आहेत याला."

मी ओळखलं. चार-पाच दशकं मी डोकं आणि धड वेगळं करत आलो आहे. अंधारातही चुकणार नाही. हे कुठलं टोक आहे, ते कुणी कुठून आणलं, त्याच्याशिवाय काय होईल, हे सगळं मला ठाऊक होतं. मी निसटू शकलो असतो. मूठ सैल करू शकलो असतो. ती तशीही हलते. बोथट होऊ शकलो असतो. जुनी हत्यारं हे करतात, त्यात काही कठीण नाही.

मी एका घावात कापलं.

कारण मला काम मिळालं होतं. आणि कारण शर्वरी म्हणाली, "वा, काय धार आहे." अकरा वर्षांत असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

डोकं ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेलं. तेवढ्यात खाली कचऱ्याची गाडी आली. तिला इथे हूपर म्हणतात; ती गाणं वाजवत येते आणि तिचं गाणं ऐकलं की सगळ्या गल्लीची धावपळ होते. शर्वरी डबा घेऊन खाली गेली आणि रिकामा डबा घेऊन वर आली.

दीड वाजता कोंडिबा आले. मुरलीधरच्या मोटारसायकलवरून आले. मुरलीधरच्या हातात मुळ्यांची जुडी होती आणि डोक्याला नवा साफा होता. मंडळातल्या बायका नुकत्याच गेल्या होत्या. कोंडिबांनी ओट्याकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या पात्यावर जांभळा डाग होता.

त्यांनी पाट मांडला. मुरलीधरला म्हणाले, "बैठो, जेवो."

मुरलीधर बाजरीच्या भाकरीशी भाजी जेवला, दोनदा मागून घेतली. "सब्जी बढ़िया है, बहूजी। और बाबासा, मेरा सिर?"

"अगले साल," कोंडिबा म्हणाले.

"कसलं डोकं?" शर्वरीने विचारलं.

कोंडिबा भाकरी मोडत राहिले. तेव्हा मुरलीधरनेच तुटक शब्दांत सांगितलं. पृथ्वीराजने त्याला जूनमध्ये जे समजावलं होतं, ते सगळं. वरचं टोक. बीज. बाईचं माहेर. एकच राहिलेलं. बोलता बोलता त्याला शर्वरीचा चेहरा दिसला आणि तो मुळ्यांविषयी बोलू लागला.

शर्वरी स्कूटी घेऊन निघाली. तिने हूपर तिसऱ्या गल्लीत गाठली असती, पण दुपार झाली होती. तोवर गाडी पार शहराबाहेर जाऊन रिकामी होऊन आली होती. ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, क्या गिरा था? सोना?" ती म्हणाली, "नहीं." मग तिने स्कूटी वळवली आणि ती परत आली.

"बाबा, मी टाकलं. वरचं टोक. मला वाटलं, खराब आहे."

"ठावं हाय."

"कसं?"

"भाजीत केस नव्हते," कोंडिबा म्हणाले. मग म्हणाले, "भाजी झ्याक झाली व्हती, पोरी. मी सांगाया पायजे व्हतं. माझीच चूक."

ती आत जाऊन रडली. ती म्हणत होती चूक तिची, ते म्हणत होते चूक त्यांची, आणि मी ओट्यावर पडून होतो. मला कुणी विचारलंच नाही. मित्रांनो, अपराध्याला कुणी विचारू नये यासारखी शिक्षा नाही. संध्याकाळी कोंडिबांनी मला हातात घेतलं. वाटलं, आता काही तरी म्हणतील. त्यांनी अंगठ्याने डाग पुसला, पुसता पुसता थांबले, आणि अर्धाच ठेवून मला खाली ठेवलं. तो अजून आहे.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. या दिवशी जयपूरला घरात कुणी राहत नाही, सगळं शहर गच्चीवर पतंग उडवत असतं. कोंडिबाही वर गेले, रिकाम्या गोणीपाशी बसायला. मला त्यांनी बरोबर नेलं होतं, बाभळीच्या काठ्या कापून जळणाला द्यायच्या म्हणून. भार्गवी कोपऱ्यात पतंगांवर ठसे उमटवत होती. निळ्या रंगात बुडवायचं, कागदावर दाबायचं. पाच पाकळ्यांचं फूल.

कोंडिबांचा हात माझ्या मुठीवर थांबला.

"भार्गवी, ते काय गं?"

"माझा ब्लॉक, आजोबा. जैसे वो कपड्यावर करतात ना, बगरूवाले. मी खुद कोरलाय."

"बगू."

तो मुठीएवढा जाड तुकडा होता. पुढच्या बाजूला फूल, निळ्या रंगाने माखलेलं. कोंडिबांनी तो उलटा केला. मागे साल होती. शाबूत, करडी, आणि तिच्यावर तीन केस.

त्यांनी सालीवरून अंगठा फिरवला. डोक्यावरून कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि सगळी गल्ली ओरडली.

"हा मला दे," ते म्हणाले.

"देईन ना. पण सोमवारी सबमिट करायचाय."

"नाय दिला तर?"

"दहा मार्क जातील, आजोबा."

शर्वरी पायऱ्यांवर होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती पुढे झाली तसा कोंडिबांनी तिला हाताने थांबवलं. "असू दे. पोरीनं कोरलाय. सोमवारपत्तुर थांबतंय ते."

म्हणजे विजयमालेच्या कोनफळाचा शेवटचा तुकडा सोमवारी टिफिनच्या डब्यात बसून शाळेत गेला. कोंडिबा दोन दिवस घराच्या फाटकापाशी उभे राहिले, शाळेच्या वेळेतही. मंगळवारी तो परत आला. सालीवर लाल शाईत लिहिलेलं होतं: दहापैकी सात. कडा सफाईदार नाहीत.

कोंडिबांनी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख आणली, तुकड्याला चोळली आणि तो मातीच्या कुंडीत, खाटेखालच्या गारव्यात ठेवला. फूल तसंच ठेवलं. जूनपर्यंत घरातलं कुणीही त्या खाटेवर धप्पकन बसलं नाही.

जूनमध्ये त्यांनी तो गच्चीवर लावला नाही. "गच्चीवर एकच गोणी, एकच वेल," ते शर्वरीला म्हणाले. "काय झालं तर पुन्ना तेच." रीतीप्रमाणे बियाणं काठीवाल्याला जायचं होतं. म्हणून ते तुकडा घेऊन मुरलीधरकडे गेले. या वेळी शर्वरीही गेली, स्कूटीवर मागे त्यांना घेऊन. शेताच्या बांधावर एक खेजडी होती. त्या झाडाचा पाला, फांद्या काढतात, पण झाड कुणी तोडत नाही. मुरलीधर म्हणाला, त्याच्या आजोबांनीही नाही, त्यांच्या आजोबांनीही नाही. कोंडिबा त्या झाडाभोवती दोनदा फिरले. मग खेजडीच्या बुडाशी त्यांनी खड्डा घेतला.

महिना गेला, काही उगवलं नाही. दर रविवारी ते जात आणि परत येऊन पाय धुवत. कुणी विचारत नसे. नंतरच्या एका रविवारी त्यांनी पाय न धुताच भार्गवीला हाक मारली.

"तुझ्या फुलाला कोंब आलाय."

"कुठल्या साइडने? मतलब, फूल कुठे गेलं?"

"फूल खाली हाय. जमिनीला सात मार्क पुरले."

आता वेल खेजडीवर चढते आहे, असं ऐकतो. ऐकतो, कारण मला तिकडे नेत नाहीत. न्यायचं कारण नाही. झाड जिवंत आहे, ते उभं राहणार आहे, वेलीला दुसरं काही नको. कोंडिबांनी आयुष्यभर शेती बदलत बदलत शेवटी अशी केली की तिच्यात मला कामच उरलं नाही. ज्या दिवशी कोंब आला त्या दिवशी मशीन चालत चालत दारात आलं होतं. कोंडिबांनी एक डोळा मिटून उताराचा अंदाज घेतला, मला आणलं आणि मागच्या डाव्या पायाखाली सरकवलं.

"बरोबर बसला," ते म्हणाले.

ते मी स्वतःकडे घेतलं.

मित्रांनो, अशा वृत्तान्ताच्या शेवटी काही बोध द्यायचा असतो. झाडं जपा, बियाणं वाटून ठेवा, म्हाताऱ्यांना आधी विचारा. पण ज्याने जुना ऐन आडवा केला आणि त्यात आनंद मानला, ज्याने ओळखूनही डोकं कापलं, त्याने हे तुम्हाला सांगावं हे मला बरं दिसत नाही. माफीही मागत नाही. जिला मागायची ती विजयमाला आता उरली नाही, आणि जे उरले आहेत ते आपापली चूक म्हणून बसले आहेत.

एकच विनंती आहे. शर्वरीला कुणीतरी सांगा की मशीनला दोन चादरी एकदम लावू नकोस.